रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या?

मावशीचं रेडिएशन सध्या खारघरच्या टाटाला चालू आहे, ठाण्याहून पनवेल लोकलने मी सोबत जातो. परवा भेटायला आलेल्या नातेवाईकांनी तिच्या हातात अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचा डबा ठेवला. "फ्री रॅडिकल्समुळे कॅन्सर होतो ना ताई, हे त्यांनाच मारतं." अगदी प्रेमाने आणलेला, पण मी तो उघडू दिला नाही.

कारण रेडिएशनचं निम्म्याहून जास्त काम फ्री रॅडिकल्सच करतात, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले, दिसेल त्याच्याशी भिडणारे रेणू! एक्स-रे पेशीला 'जाळतात' असं आपल्याला वाटतं, पण डीएनएचं जवळपास दोन तृतीयांश नुकसान पाण्यामार्फत होतं. पेशीत पाणीच पाणी, किरणांनी त्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवला की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, ते टिकतं जेमतेम काही नॅनोसेकंद, पण तेवढ्यात शेजारच्या डीएनएचा हायड्रोजन हिसकावून घेतं. आता डीएनएच रॅडिकल झाला, आणि इथून खरी शर्यत. ऑक्सिजन आधी पोचला तर पेरॉक्सिल (ऑक्सिजन चिकटलेलं रॅडिकल) बनतं आणि जखम पक्की होते. ग्लुटाथायॉनसारखा थायॉल (पेशीतलं गंधक असलेलं अँटिऑक्सिडंट) आधी पोचला तर तो आपला हायड्रोजन देऊन टाकतो, डीएनए पुन्हा होता तसा. म्हणून तर गाठीच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथल्या पेशी मारायला अडीच-तीन पट डोस लागतो. आणि डब्यावर काय लिहिलेलं? एनएसी (एन-ॲसिटिल सिस्टीन), म्हणजे शरीर ज्यातून ग्लुटाथायॉन बनवतं तोच कच्चा माल.

हे नुसतं कागदावरचं नाही. कॅनडात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या 540 पेशंटवर ट्रायल झाली, 2005 साली निकाल आले. व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन दोन्ही घेणाऱ्यांना रेडिएशनचा त्रास कमी झाला हे खरं, पण गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचा कल जास्त दिसला. त्याआधी फिनलंडमध्ये 29,133 सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला होता, 1994 मध्ये कळलं की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त झाला. नोनी ज्यूस आणि अल्कलाइन पाण्याचे फॉरवर्ड पाठवणारे हे आकडे कधीच पाठवत नाहीत, आणि घाबरलेल्या माणसाला विकणं सोपं असतं याचा मला खरंच राग येतो.

दुसऱ्या दिवशी डबा डॉक्टरांना दाखवला. रेडिएशन संपेपर्यंत नको म्हणाले, पुढेही विचारल्याशिवाय नको. मावशीने लगेच विचारलं, मग आवळा, पालेभाजी? ते म्हणाले, जेवणातलं सगळं खा, पोटभर खा. येताना तिने स्टेशनबाहेर मेथीची जुडी घेतली.