रिकाम्या हातांचा पैलवान: ‘फायनल फँटसी’ एकट्या ब्लॅक बेल्टने संपवण्यामागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम म्हणजे रंगीत प्लॅस्टिकची कॅसेट आणि तिच्यावर छापलेला ‘९९९९ इन १’चा दावा. आत प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट असे मोजके गेम; बाकी सगळी त्यांचीच नावे बदलून केलेली भरती. चौघांची टोळी घेऊन राक्षसांशी लढायचा ‘फायनल फँटसी’ हा जपानी गेम या कॅसेटींत सापडत नसे, आणि त्याला कारण होते. मारिओचा अख्खा गेम ४० किलोबाइटांत मावतो. ‘फायनल फँटसी’ला २५६ किलोबाइट लागतात, शिवाय खेळ जपून ठेवायला ८ किलोबाइटची वेगळी मेमरी आणि ती जागी ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी. स्वस्तात कॅसेट विकणारा बॅटरीवर खर्च कशाला करील? त्यामुळे हा गेम इकडे पोचला तो उशिरा, कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून, आणि पुढे फोनवर. तिथेच एक घोळ सुरू झाला. पराक्रमाच्या गोष्टी ऐकायच्या १९८७च्या आवृत्तीतल्या, आणि करून बघायचे नव्या आवृत्तीत. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. एकट्या नि:शस्त्र पैलवानाने हा गेम संपवणे ही करामत मुळात जुन्या आवृत्तीतल्या नियमांची, आणि तितकीच तिच्यातल्या चुकांची, देणगी आहे.

आधी ही करामत म्हणजे काय ते. गेम सुरू करताना सहा प्रकारांतून चार जण निवडावे लागतात: फायटर, थीफ, ब्लॅक बेल्ट आणि लाल, पांढरा, काळा असे तीन जादूगार. एकट्याने खेळायची सोय मेनूत नाही. म्हणून एक ब्लॅक बेल्ट आणि कुणीही तिघे घ्यायचे, तिघांना मरू द्यायचे आणि त्यांना परत कधीच उठवायचे नाही. ब्लॅक बेल्टच्या हातात शेवटपर्यंत शस्त्र द्यायचे नाही.

रिकाम्या हाताने लढणारा योद्धा या खेळांत आला तो अमेरिकेतून. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ १९७४मध्ये निघाला आणि १९७५च्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत मंक हा प्रकार आला. चिलखत घालायचे नाही, आणि लेव्हल वाढेल तसा हाताचा मार आणि अंगाचा बचाव दोन्ही वाढत जाणार. १९८१च्या ‘विझर्ड्री’ या कॉम्प्युटर गेममधल्या निंजाने हाच धागा पुढे नेला. उघड्या अंगाचा निंजा जितका मुरलेला तितका त्याला मारणे अवघड. जपानमध्ये ‘विझर्ड्री’चे वेड मोठे होते. १९८६चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ तर पूर्ण एकट्या वीराचाच गेम होता. या वातावरणात स्क्वेअर कंपनीत हिरोनोबु साकागुची यांच्या हाताखाली ‘फायनल फँटसी’ तयार झाला आणि १८ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. अमेरिकेत तो १९९०मध्ये पोचला. जपानी आवृत्तीतला मंक इंग्रजीत ब्लॅक बेल्ट झाला. प्रोग्रॅम लिहिला नासिर गेबेली यांनी. इराणमध्ये जन्मलेले गेबेली त्याआधी अमेरिकेत ॲपल टूवरच्या गेमसाठी नावाजलेले होते. आकडेमोडीच्या अनेक चुका त्या प्रोग्रॅममध्ये राहून गेल्या. बुद्धी हा गुण कशालाच लागू होत नाही, टेम्पर हा मंत्र काहीच करत नाही. पैलवानाला मात्र यातले काहीच लागत नाही, कारण त्याचे गणित मंत्रांवर नाही.

ते गणित असे. रिकाम्या हाताचा जोर म्हणजे लेव्हलची दुप्पट. प्रत्येक फटक्याचे नुकसान जोराच्या एकपट ते दुप्पट यांच्यामध्ये कुठेही पडते आणि त्यातून शत्रूचा बचाव वजा होतो. फटक्यांची संख्या नेमावर ठरते: नेमाला ३२ने भागायचे, येणाऱ्या पूर्ण आकड्यात एक मिळवायचा, आणि हात रिकामे असतील तर दुप्पट करायची. ब्लॅक बेल्टचा नेम ५पासून सुरू होतो आणि दर लेव्हलला ३ने वाढतो. म्हणजे पहिल्या लेव्हलला २ फटके, दहाव्याला ४, एकविसाव्याला ६, बत्तिसाव्याला ८ आणि बेचाळिसाव्याला १०.

पहिला मोठा शत्रू गार्लंड. त्याचे एचपी, म्हणजे जीव, १०६; बचाव १०. पाचव्या लेव्हलच्या पैलवानाचा जोर १०, म्हणजे फटका १० ते २०. बचाव वजा जाता सरासरी ५. दोन फटक्यांचे १०. अकरा फेऱ्या लागतील आणि तोवर गार्लंड गप्प बसणार नाही. आठव्या लेव्हलला तोच हिशेब दर फेरीला २८वर जातो, म्हणजे चार फेऱ्या. दहाव्या लेव्हलला चार फटक्यांचे ८०, दोन फेऱ्यांत निकाली कुस्ती. हे सगळे फटके लागले असे धरून. दहाव्यापर्यंत थांबायला कंटाळणारे बहुतेक जण इथेच चितपट होतात.

दुसरा आधार अनुभवाच्या वाटणीचा. लढाईनंतरचे एक्सपी (अनुभवाचे गुण) जिवंत असलेल्यांत समान वाटले जातात, मेलेल्याला काही नाही. इम्प या सर्वांत साध्या शत्रूचे ६ एक्सपी. चौघांत वाटले तर वाट्याला एक. दुसऱ्या लेव्हलला ४० लागतात, म्हणजे एकट्याला सात इम्प पुरतात. जत्रेतल्या नारळावरच्या कुस्त्याच या, पण तालीम त्यांतूनच होते. सगळी खुराक एकाच ताटात पडत असल्याने एकटा माणूस चौघांपेक्षा फार पुढच्या लेव्हलला असतो. खेळ मुद्दाम एकट्यासाठी बेतलेला नसूनही एकट्याला जमतो, तो मुख्यत: या भागाकारामुळे.

तिघांना मारण्याची रीत ठरलेली आहे. शत्रूचे निम्मे वार रांगेतल्या पहिल्यावर पडतात, पाव दुसऱ्यावर आणि उरलेले तिसऱ्या-चौथ्यावर सारखे. म्हणून सुरुवातीला सिलेक्ट बटणाने रांग बदलून ब्लॅक बेल्टला चौथा ठेवायचा. सुरुवातीचे ४०० जी (गेममधले पैसे) पुढच्या तिघांच्या अंगावर घालवायचे नाहीत. लाकडी चिलखत ५०, दोन तंबू १५०, हील पोशन तीन १८०, झाले ३८०. दहा जीचे लाकडी नंचाकू दुकानात दिसेल. पहिल्या चार लेव्हलना ते खरोखर हातापेक्षा बरे आहे, पण नि:शस्त्र खेळायचे तर ते तिथेच सोडायचे.

चिलखताचे मात्र जपून. काहीही न घातलेल्या ब्लॅक बेल्टचा बचाव त्याच्या लेव्हलइतका असतो. लाकडी चिलखताचा ४, म्हणून पाचव्या लेव्हलपासून ते ओझेच. इथे एक चूक लपलेली आहे: लेव्हल वाढली की अंगावर काहीही असले तरी गेम बचाव लेव्हलइतका करून टाकतो, आणि चिलखताचा मेनू उघडला की आकडा पुन्हा खऱ्यावर येतो. चिलखत जड असेल तर त्यात नुकसान. पण पुढे रिबन मिळते. तिचा स्वत:चा बचाव फक्त १, मात्र घातक जादूपासून ती राखते. रिबन घालून लेव्हल वाढली की मेनूकडे न फिरकणे फायद्याचे. याला लबाडी म्हणायची का, यावर जाणकारांत एकमत नाही.

प्रावोका या गावाच्या ईशान्येचे भूशिर हे अशाच एका चुकीचे फळ. जगाचा नकाशा ८ बाय ८ अशा चौकटींत विभागलेला आहे आणि कुठे कोणता शत्रू भेटेल हे चौकट ठरवते. त्या भूशिराचे टोक शेजारच्या चौकटीत घुसते, त्यामुळे विमान मिळाल्यानंतर भेटायचे झोम्बुल आणि ट्रोल तिथे पायी चालणाऱ्याला भेटतात. झोम्बुलचे १०५० एक्सपी, एकट्याला सगळेच्या सगळे. सहाव्या-सातव्या लेव्हलला तिथे जाणे म्हणजे हिंदकेसरीशी पोराची जोड लावणे. फटके चार झाल्यावर जावे, आणि प्रत्येक लढाईनंतर एचपी बघूनच पुढचे पाऊल टाकावे.

लेव्हल वाढवून न सुटणारे दुखणे वेगळेच आहे. या गेममधले कितीतरी शत्रूही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधूनच आलेले, मंक जिथून आला तिथूनच त्याचे वैरीही. मार्श केव्हमधला क्रॉलर आठ वेळा मारतो. प्रत्येक फटका किरकोळ, पण अंग लुळे पाडणारा. चौघांत एक लुळा पडला तर तिघे लढतात. एकटा लुळा पडला की समोरचे सगळे आपल्या फेऱ्या घेत राहतात आणि बघत बसण्यापलीकडे काही उरत नाही. पुढे एल्फांच्या मुलखातला ॲस्टोस रब या मंत्राने एका झटक्यात मारतो. आइस केव्हमध्ये कॉकाट्रिस दगड करतो, तर सॉर्सररचा नुसता स्पर्श जीव घेतो. चौघांत दगड सोडवणारे सॉफ्ट हे औषध किंवा मेलेल्याला उठवणारे क्लिनिक आहे, एकट्याला उठवणार कोण? म्हणून क्रॉलर दिसला की आधी तोच पाडायचा, कॉकाट्रिस आणि सॉर्सरर दिसले की पळायचे. आत सेव्ह करता येत नाही. सेव्ह फक्त धर्मशाळेत किंवा बाहेरच्या नकाशावर तंबू, केबिन, हाउस वापरून. गुहेच्या तोंडाशी तंबू ठोकल्याशिवाय आत शिरायचे नाही. लाइट जाण्याची सवय असलेल्या इकडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. खऱ्या कॅसेटवर मशीन बंद करतानाही रिसेट दाबून धरूनच पॉवर बंद करायची, नाहीतर सेव्ह खराब होऊ शकते.

मग बढतीचा प्रश्न. कॅसल ऑफ ऑर्डील्समधून उंदराची शेपटी आणून बहामुत या ड्रॅगनच्या राजाला दिली की ब्लॅक बेल्टचा मास्टर होतो. चित्र रुबाबदार होते, पण तोटा पदरात पडतो. ब्लॅक बेल्टचा जादूविरोध १०पासून सुरू होऊन दर लेव्हलला ४ने वाढतो. मास्टरचा फक्त १ने. पंचविसाव्या लेव्हलला बढती घेतली तर तेव्हाचे १०६ पन्नासाव्याला जेमतेम १३१ होतात. न घेतली तर तोच आकडा दोनशेच्या घरात जातो. बढतीशिवाय गेम पूर्ण होतो, म्हणून जुन्या आवृत्तीत एकटा खेळणारे ती शेवटपर्यंत टाळतात. १९९०च्या सुमारास हे कुणी पुस्तिकेत छापले नव्हते. पुढे लोकांनी प्रोग्रॅम उलगडून वाचला तेव्हा आकडे बाहेर आले.

हे सगळे २०२१च्या पिक्सेल रीमास्टर या नव्या आवृत्तीला लावू नये. तिथे लेव्हलची मर्यादा ५० नसून ९९ आहे, मोडलेले मंत्र चालतात आणि शेवटचा शत्रू केऑस याचे एचपी २,००० नव्हे तर २०,००० आहेत. ही वाढ २००४च्या गेम बॉय ॲडव्हान्स आवृत्तीपासूनची. फोनवर एकट्या मंकने गेम संपवला तर तेही कौतुकाचे, पण कुस्ती वेगळ्या मातीतली.

जुन्या मातीतला केऑस असा पडतो. पन्नासाव्या लेव्हलला जोर १००, फटके १०. केऑसचा बचाव १००, म्हणजे फटक्याला सरासरी ५०, सगळे लागले तर फेरीला ५००. कागदावर चार फेऱ्या. पण केऑसच्या मंत्रांच्या यादीत तिसरा स्लो टू आहे, तो लागला की फटके निम्मे. चौथा क्युअर फोर, तो पडला की त्याचे एचपी पुन्हा पूर्ण. स्लो टू लागू नये म्हणूनच वर जादूविरोधाचा एवढा हिशेब केला. उरते धबधब्यामागच्या गुहेतली डिफेन्स नावाची तलवार. ती हातात न धरता आपल्या शस्त्रांच्या चार कप्प्यांत ठेवून लढाईत वापरला की रूज मंत्र पडतो आणि वार चुकवण्याची क्षमता ८०ने वाढते. दोन-तीनदा वापरल्यावर केऑसचे बरेच हात हवेत जातात. हातात धरली नाही, नुसती बाळगली. मग तो पैलवान नि:शस्त्र म्हणायचा की नाही, यावर अजून वाद चालतो.