समाधानाचा प्रश्न विचारायचा राहून गेला

अमेरिकेत माणसांच्या लैंगिक आयुष्याची मोठ्या प्रमाणावर मोजदाद झाली ती संशोधक आल्फ्रेड किन्सी यांच्या दोन अहवालांत. १९४८चा अहवाल सुमारे ५,३०० पुरुषांचा, १९५३चा ५,९४० स्त्रियांचा. हे सगळे गोरे. कृष्णवर्णीयांच्या मुलाखती झाल्या होत्या, पण कोष्टकांत त्या घेतल्या नाहीत. इच्छा किती, कामपूर्ती किती वेळा, याचं ‘सर्वसाधारण’ प्रमाण त्या कोष्टकांवरून ठरलं आणि आफ्रिकन-अमेरिकन माणसांच्या सुखाची पाटी कोरीच राहिली.

त्यांच्या शरीराच्या नोंदी त्याआधीही होत होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या सोयीसाठी. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला की आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, बाप कोणीही असो. मालकाने केलेल्या बलात्कारातून त्याचीच मालमत्ता वाढायची. अलाबामातल्या माँटगोमेरीत १८४५ ते १८४९ या काळात डॉ. मॅरियन सिम्स यांनी अनार्का, बेट्सी, ल्यूसी आणि इतर गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करून पाहिल्या. अवघड बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडलं की लघवी सतत झिरपत राहते. ते शिवण्याचे हे प्रयोग होते. एकट्या अनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली, तीही भूल न देता. ईथरची भूल १८४६मध्ये जाहीरपणे दाखवली गेली होती, तरीही. अखेर चांदीच्या तारेचे टाके टिकले आणि नाव सिम्स यांचं झालं.

अलाबामातल्याच टस्कीगीत सरकारी आरोग्य खात्याचा प्रयोग १९३२ ते १९७२ असा चाळीस वर्षं चालला. सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार असलेले ३९९ आणि नसलेले २०१ कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. तुमचं ‘रक्त खराब’ आहे, एवढंच त्यांना सांगितलेलं. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी ‘खास मोफत उपचार’ म्हणून गळी उतरवली. १९४७च्या सुमारास पेनिसिलिन हा रूढ उपचार झाला, पण त्यांना तो दिला नाही. सरकारची माफी आली १९९७ साली. डॉक्टरांवर या समाजाचा विश्वास नाही अशी तक्रार सर्रास ऐकू येते. हा विश्वास मोडला कोणी, हे आधी सांगायला हवं.

स्त्रियांच्या बाबतीत जखम आणखी थेट आहे. नागरी हक्कांच्या लढ्यातल्या फॅनी लू हेमर १९६१मध्ये गर्भाशयातली गाठ काढायला गेल्या. डॉक्टरांनी न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. मिसिसिपीत हे इतक्या जणींच्या बाबतीत घडलं की हेमर त्याला ‘मिसिसिपीचं अपेंडिक्स ऑपरेशन’ म्हणत. आजही पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठी होतात, गोऱ्या स्त्रियांपेक्षा लवकर आणि मोठ्या. गाठ कुठे आहे त्यावर त्रास अवलंबून असतो: गर्भाशयमुखाजवळची गाठ संभोगात खोलवर दुखवते, आतल्या अस्तरालगतची अतिरक्तस्राव करते, मग रक्त कमी होऊन थकवा येतो आणि इच्छाही मावळते. फक्त गाठ काढून गर्भाशय राखता येतं का, हे अशा वेळी स्पष्ट विचारावं.

सुखाबद्दलचे प्रश्न आले ते या समाजाच्या आतूनच. मानसशास्त्रज्ञ गेल वायट यांनी १९८०च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात १२६ आफ्रिकन-अमेरिकन आणि १२२ गोऱ्या स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. इच्छेने आलेले आणि लादलेले, दोन्ही अनुभव त्यांनी विचारले. १९८३मध्ये आरोग्य कार्यकर्त्या बिली एव्हरी यांनी अटलांटात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. मूल नको म्हणण्याइतकाच ते हवं म्हणण्याचा आणि सुरक्षित वाढवण्याचा हक्क मागणारी ‘प्रजनन न्याय’ ही संकल्पना १९९४ साली शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी मांडली.

पुरुषांच्या बाबतीत दवाखान्यातली शांतता अजून महागात पडते. उच्च रक्तदाबावर कृष्णवर्णीय रुग्णांना अनेकदा थायझाइड गटातली, लघवी वाढवणारी गोळी पहिल्यांदा दिली जाते. तिने काहींच्या लिंगाची ताठरता कमी होते, आणि डॉक्टरांनी हे आधी सांगितलं नसेल तर रुग्ण गुपचूप गोळी सोडतो. रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या बिघडतात, ताठरता आणखी जाते. गोळी सोडण्यापेक्षा बदलून मागावी. याहून मोठा धोका हृदय कमकुवत झालेल्यांना आहे. २००५मध्ये खास कृष्णवर्णीय रुग्णांसाठी मान्य झालेल्या बायडिल या औषधात रक्तवाहिन्या रुंदावणारं नायट्रेट असतं. ते रोज घेणाऱ्याने ताठरतेसाठी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा टाडालाफिल घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. छातीत दुखण्यावरही नायट्रेट देतात, म्हणून तसं दुखून दवाखान्यात पोचलात, तर ताठरतेची गोळी केव्हा घेतली ते सर्वांत आधी सांगावं: सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही.