आरपार दिसणारी गिटार: ॲक्रिलिकची बॉडी बनवताना आत काय काय चालू असतं

इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या ग्रुपमध्ये "लाकडाने आवाजात फरक पडतो का हो?" एवढंच विचारायचं आणि बाजूला होऊन मजा बघायची, पुढचे दोन तास कुणाला चहाचीसुद्धा आठवण होत नाही. आणि त्या भांडणात कुणीतरी हमखास काचेसारख्या दिसणाऱ्या एका गिटारचा फोटो टाकतो. ती म्हणजे ॲम्पेग कंपनीची डॅन आर्मस्ट्राँग. हा डॅन आर्मस्ट्राँग न्यूयॉर्कमध्ये गिटार दुरुस्त करायचा, बनवायचा, आणि त्याने ॲम्पेगसाठी १९६९ मध्ये अख्खी बॉडी पारदर्शक ॲक्रिलिकची (म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकची) असलेली गिटार काढली. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स ती घेऊन स्टेजवर आला, मग काय, झाली फेमस. तिचे पिकअप, म्हणजे तारांखाली बसून त्यांचं थरथरणं पकडणारे भाग, बिल लॉरेन्सने डिझाइन केलेले आणि ते काढून दुसरे सरकवता यायचे, म्हणजे बॉडी तीच ठेवून आवाज बदला. १९७१ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण आजही कुणी ॲक्रिलिकची गिटार करायला घेतली की पहिलं नाव तिचंच निघतं.

आता भांडणाचं आधी उरकून टाकू. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये करंट तयार होतो, फॅरेडेचा शाळेतलाच नियम. म्हणजे पिकअप बॉडीचा आवाज "ऐकत" नाही, तो तारेचं हलणं बघतो. बॉडीचा संबंध येतो तो एवढाच की तारेची एनर्जी ब्रिजमधून (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि नेकमधून (बोटांनी तारा दाबतो ती लांब दांडी) किती गळते, कोणत्या फ्रिक्वेन्सीला जास्त गळते. बॉडी जड असेल तर तार तिला सहज हलवू शकत नाही, त्यामुळे एनर्जी तारेतच राहते आणि सूर लांबतो. आर्मस्ट्राँगचा हिशोब हाच होता.

गंमत अशी की ॲक्रिलिक स्वतः तसं मुकं आहे. लाकडाच्या फळीवर बोटाने टकटक केली तर ती थोडी तरी वाजते, त्याच मापाच्या ॲक्रिलिकवर केली तर नुसतं "ठप". आतल्या रेणूंच्या लांब लांब साखळ्या एकमेकींवर घासून कंपनं गिळून टाकतात. ताठपणातही लाकूड पुढे, रेषांच्या दिशेने बघितलं तर ॲक्रिलिकच्या साधारण तिप्पट. मग जमेची बाजू एकच राहिली, वजन. ॲक्रिलिकची घनता १.१९, गिटारच्या बॉडीला वापरतात त्या आल्डर लाकडाची ०.४५ च्या आसपास. नेहमीच्या मापाच्या बॉडीत ४ लिटरच्या घरात मटेरियल बसतं असं धरलं तर लाकडाची बॉडी पावणेदोन-दोन किलो आणि ॲक्रिलिकची पावणेपाच, वर नेक आणि हार्डवेअर वेगळं. दोन तासांचा कार्यक्रम उभ्याने करून बघा, खांदा बोलायला लागतो. म्हणूनच आर्मस्ट्राँगने बॉडी लहान आणि पातळ ठेवली. माझं मत विचाराल तर ॲक्रिलिकच्या गिटारमध्ये आवाज हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा विषय आहे, खरी डोकेदुखी उष्णता आणि ताण.

सुरुवात शीटपासूनच होते. साईनबोर्डवाल्याकडे जाऊन नुसतं "ॲक्रिलिक द्या" म्हणलं तर दोनपैकी काहीही हातात येऊ शकतं. कास्ट शीट म्हणजे दोन काचांच्या मध्ये पातळ रसायन ओतून ते तिथेच घट्ट होऊ दिलेलं, यात साखळ्या खूप लांब तयार होतात. एक्स्ट्रुडेड म्हणजे दाणे वितळवून फटीतून दाबून काढलेली शीट, स्वस्त आणि जाडीला एकसारखी, पण साखळ्या आखूड, त्यामुळे राउटर (गरगर फिरणाऱ्या पात्याने कोरणारं यंत्र) लावला की लवकर मऊ पडून त्याच्या बिटला, म्हणजे पात्याला, चिकटते आणि त्या चिकटलेल्या गोळ्यामुळे कडेची वाट लागते. गिटारसाठी कास्टच घ्यावी, यात काटकसर नको.

ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडतं, आणि राउटरचं बिट एका जागी दोन सेकंद रेंगाळलं तरी तिथलं तापमान तेवढं जातं. उष्णता वाहून नेण्यात प्लास्टिक आळशी, सगळी तिथेच साचते. म्हणून एकाच धारेचं बिट, स्पीड कमी, पण हात पुढे सरकत राहिला पाहिजे, म्हणजे उष्णता भुश्याबरोबर बाहेर जाते. भुसा कोरडा आणि सुटा पडत असेल तर सगळं ठीक, लोंबत्या तारा निघायला लागल्या की थांबा. कार्बन डायऑक्साइड लेझरने काम फार देखणं होतं, कारण त्याचे इन्फ्रारेड किरण ॲक्रिलिक जवळजवळ पूर्ण शोषून घेतं आणि तिथलं मटेरियल थेट वाफ होऊन उडतं, कड आपोआप पॉलिश केल्यासारखी चकचकीत. पण साध्या लेझरला ४०-४५ मिलिमीटर जाडी एका फटक्यात झेपत नाही, म्हणून बहुतेक हौशी लोक १०-१२ मिलिमीटरचे थर कापून एकावर एक जोडतात.

आणि इथे खरी परीक्षा आहे. आपल्याकडे बोर्डवाले ॲक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडतात, सिरिंजने कडेला थेंब सोडला की तो फटीत आपोआप ओढला जातो. ते द्रव पृष्ठभागावरच्या साखळ्या सैल करतं, दोन्ही बाजूच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि मग द्रव उडून जातं, म्हणजे ते चिकटवणं नाहीच, थंड वेल्डिंग आहे. अक्षरांचे डबे बनवायला एकदम झकास, कारण तिथे जोड काही मिलिमीटर रुंद. गिटारचा थर मात्र फूटभर रुंद, कडा आधी सुकून बंद होतात आणि मधलं द्रव अडकून पडतं, मग बुडबुडे, पांढुरके ढग, आणि ते दिसणार कुठे तर पारदर्शक बॉडीच्या बरोब्बर मध्यभागी. (क्लोरोफॉर्मची वाफ फुप्फुसात घेण्याची गोष्ट नाही, खिडकी उघडून पंखा लावा, बंद खोलीत हे काम करूच नका.)

दुसरा मार्ग म्हणजे दोन भागांचं ॲक्रिलिक सिमेंट. यात मिथाइल मेथाक्रिलेट असतं, म्हणजे ज्या रसायनापासून शीट बनली तेच, ते थरांच्या मध्ये घट्ट होऊन स्वतःच ॲक्रिलिक होतं. प्रकाश दोन्हीत जवळपास सारखाच वळतो त्यामुळे जोड दिसेनासा होतो. पण फुकट काही नाही. घट्ट होताना हे रसायन चांगलंच आकसतं, नुसतं शुद्ध असेल तर आकारमान पाचव्या हिश्शाने कमी होतं, आणि वर गरमही होतं. थर जाड ओतला तर आतच उकळून बुडबुडे धरतो.

काहीजण चिकटवायच्या भानगडीत न पडता थर बोल्टने आवळतात. मला हा प्रकार प्रामाणिक वाटतो, पण मग मध्ये हवेचा पातळ पदर राहतो, आणि ॲक्रिलिकमधून हवेत जाताना प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावर जवळजवळ ४ टक्के परत फिरतो. चार थर म्हणजे आठ पृष्ठभाग, त्यामुळे बॉडी काचेच्या ठोकळ्याऐवजी चंदेरी झाक मारते, आणि जिथे थर फार जवळ आलेत तिथे रॉकेल सांडल्यावर पाण्यावर दिसतात तसले रंगीत तरंग दिसतात.

आता ताणाचं. लेझरने कापलेली चकचकीत कड घ्या आणि तिच्यावर सॅनिटायझरचा किंवा स्पिरिटचा बोळा फिरवा. बघता बघता कडेपासून आत जाणाऱ्या बारीक चमकदार रेघा उठतात, उजेडात तिरकं धरलं की अजून स्पष्ट. झालेलं असं असतं की कापताना कडेचा पातळ थर तापला, थंड होताना त्याला आकसायचं होतं, पण आतल्या गार भागाने तो धरून ठेवला. तो ताण तिथेच गोठला. एरवी तो वर्षानुवर्षं गप्प बसेल, पण अल्कोहोल आत शिरून साखळ्यांची पकड ढिली करतं आणि सगळं एकदम सुटतं. यावर उपाय ॲनीलिंग, म्हणजे तुकडा ओव्हनमध्ये ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवायचा आणि मग अगदी हळूहळू गार करायचा. हे चिकटवण्याच्या आधी करायचं, कारण क्लोरोफॉर्मसुद्धा ताणलेल्या कडेला असाच तडकवतो.

स्क्रूचंही तेच. लाकडाचा स्क्रू आपली जागा स्वतः दाबून करतो, लाकूड ते सहन करतं, ॲक्रिलिक तडकतं. इथे भोक पाडून टॅपने आटे पाडायचे किंवा आत आटे असलेले पितळी इन्सर्ट बसवायचे. भोक किंचित सैल ठेवायचं, कारण हे मटेरियल तापमानाने लाकडाच्या (रेषांच्या दिशेने) दहापटीहून जास्त पसरतं. साडेचारशे मिलिमीटरची बॉडी हिवाळ्यातल्या १२ अंशांच्या पहाटेपासून विदर्भातल्या ४५ अंशांच्या मे महिन्यापर्यंत गेली तर लांबीत साधारण १ मिलिमीटर फरक पडतो, आणि स्टीलचा ब्रिज तेवढा पसरायला तयार नसतो. मग ट्यूनिंग हललं म्हणून तारांना शिव्या घालण्यात अर्थ नाही.

नेक मात्र लाकडाचाच हवा. सहा तारा मिळून नेकवर ४५ किलोच्या आसपास ओढ असते, ती दिवसरात्र, आणि सतत ओढ असली की ॲक्रिलिक हळूहळू वाकत जातं. आर्मस्ट्राँगनेही नेक मेपलचाच ठेवला होता.

वायरिंगला लपायला जागा नाही, त्यामुळे सोल्डरिंग सुबक लागतं, आणि लाकडाच्या खाचेत गुपचूप चिकटवतात ती बाहेरची खरखर अडवणारी तांब्याची शिल्डिंग टेपही समोरच दिसणार. वर ॲक्रिलिक घासलं की स्टॅटिक चार्ज धरतं, कोरड्या हवेत शर्टवर घासून ॲम्पमधून चटचट आवाज येऊ शकतो आणि धूळ तर बोलावल्यासारखी येते. कडेला एलईडी लावायची हौस सगळ्यांनाच असते, त्यात प्रकाश आतल्या आत परावर्तित होत फिरतो आणि जिथे पृष्ठभाग खरवडलेला असेल तिथूनच बाहेर पडतो, म्हणून कोरलेलं नाव झगझगीत उठतं. बेल्टच्या बकलने पाडलेला ओरखडासुद्धा तितकाच उठतो. पुसायला साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबरचं कापड, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे नको, आणि स्पिरिट का नको ते वर आलंच आहे.