घरगुती एअर डक्टची सफाई

घर गरम किंवा थंड करणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेतली हवा ज्या डक्टमधून खोल्याखोल्यांत फिरते ते डक्ट, त्यांच्या तोंडावरच्या जाळ्या आणि हवा ढकलणारे मूळ यंत्र आतून साफ करण्याचे व्यावसायिक काम. हा धंदा मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात वाढला. तिथल्या बहुतेक घरांत तळघरात, माळ्यावर किंवा एखाद्या कोनाड्यात एकच फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) अथवा एअर हँडलर (हवा खेळवणारे यंत्र) असतो आणि त्यातून निघालेले पत्र्याचे डक्ट भिंती-जमिनींच्या पोटातून साऱ्या घरात पसरलेले असतात. भिंतीवर लावायच्या स्प्लिट एसीला असे डक्ट नसतात, त्यामुळे त्याची सर्व्हिसिंग या नोंदीत येत नाही.

या यंत्रणेत हवेला दोन वाटा असतात. एका बाजूने ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, खोल्यांतली हवा परत खेचतो, दुसऱ्या बाजूने तापवलेली किंवा गार केलेली हवा खोल्यांत सोडतो. फिल्टर सहसा ब्लोअरच्या आधी, परतीच्या वाटेवर बसवलेला असतो. म्हणून केस, कपड्यांचे तंतू, पाळीव प्राण्यांची लव असा जाडाभरडा ऐवज परतीच्या डक्टमध्ये जास्त सापडतो. जुन्या घरांत तर परतीचा डक्ट म्हणजे पुष्कळदा नुसते दोन तुळयांमधले अंतर असते, त्याला खालून पत्रा ठोकलेला. तिथे बांधकामाच्या वेळचा लाकडाचा भुसा, जिप्समची पांढरी पूड, वाकडे खिळे वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात.

साफ करण्याची मान्य पद्धत म्हणजे घाण सुटी करून ती ओढून बाहेर काढणे. मुख्य डक्टला फर्नेसजवळ साधारण वीतभर व्यासाचे भोक पाडून त्याला जाड नळीने मोठा व्हॅक्यूम जोडतात. तो कधी दाराशी उभ्या ट्रकमध्ये असतो, कधी घरात आणता येण्याजोगा. बाकीच्या जाळ्या झाकून टाकल्या की डक्टमधला दाब खोलीतल्यापेक्षा कमी होतो आणि उडालेली धूळ घरात न येता व्हॅक्यूमकडेच जाते. मग एकेका खोलीच्या जाळीतून फिरता ब्रश किंवा दाबाखालच्या हवेने फडफडणारे रबरी चाबूक आत सोडतात. पत्र्याला चिकटलेला थर त्याने सुटतो. व्हॅक्यूमची हवा घरातच सोडायची असेल तर त्याला हेपा फिल्टर हवाच, ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणे ही त्याची कसोटी. शेवटी पाडलेली भोके पत्र्याच्या झाकणांनी हवाबंद करायची असतात. घाईत उरकलेल्या कामात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

डक्ट सगळेच पत्र्याचे नसतात. आतून फायबरग्लासचे अस्तर असलेल्या किंवा लवचीक डक्टमध्ये कडक ब्रश चालवला तर अस्तर फाटते. भिजून बुरशी धरलेले अस्तर साफ होत नाही, ते बदलावे लागते. जुन्या डक्टच्या सांध्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसच्या (फुप्फुसांना घातक तंतुमय खनिजाच्या) पट्ट्या असू शकतात. त्यांना हात लावण्याआधी तपासणी अत्यावश्यक आहे.

या धंद्याची मुख्य संघटना ‘नॅशनल एअर डक्ट क्लीनर्स असोसिएशन’ १९८९ मध्ये स्थापन झाली. तिच्या मानकांनुसार डक्टबरोबर ब्लोअर, कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्यांचे वेटोळे), कॉइलखालचे पाण्याचे ताट असा हवेचा सगळा मार्ग साफ व्हायला हवा. हे बरोबरच आहे. थंड करताना कॉइलवर पाणी सुटते. त्यावर धूळ बसली की बुरशीला घर मिळते आणि यंत्राचा दमही घटतो. कोरड्या पत्र्याला चिकटून बसलेली धूळ त्यामानाने निरुपद्रवी असते.

सफाईने तब्येत सुधारते का, हा खरा वादाचा मुद्दा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ मध्ये घरमालकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत स्पष्टच म्हटले की, डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे कधी सिद्ध झालेले नाही. डक्ट मळलेले असल्यामुळे घरातल्या हवेत धूळ वाढते, हेही अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण महामंडळानेही घरांत मोजमापे घेतली आणि श्वासातल्या हवेत, हवेच्या प्रवाहात किंवा इंधनाच्या खर्चात सहसा लक्षणीय फरक पडत नाही, असाच निष्कर्ष काढला. अमेरिकी पुस्तिकेने सफाईची तीन ठोस कारणे मात्र मान्य केली: डक्टच्या कठीण पृष्ठभागावर किंवा यंत्राच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसणारी भरपूर बुरशी, उंदीर किंवा किड्यांचा वावर, आणि जाळ्यांतून खोलीत धूळ उडेल इतका साचलेला कचरा. घराची मोठी दुरुस्ती झाली असेल तर तिसरे कारण सहज उद्भवते. ठरावीक वर्षांनी सफाई केलीच पाहिजे, या आग्रहाला यातून आधार मिळत नाही. परतीच्या जाळीवर धुळीची साय दिसली म्हणून घाबरायचेही कारण नाही. ती खोलीतलीच असते, घरच्या व्हॅक्यूमने निघते.

बुरशी सापडली तरी आधी ओल शोधावी लागते. गळका पाइप, तुंबलेला निचरा किंवा थंड डक्टवर धरणारे दव तसेच राहिले तर साफ केलेल्या जागी बुरशी पुन्हा येते. जंतुनाशक फवारणे हा वेगळ्या पैशांचा उद्योग आहे आणि फायबरग्लासच्या अस्तरावर तर तो करूच नये. फसवणुकीचा ठरलेला मार्गही इथूनच जातो: ‘संपूर्ण घराची सफाई’ अगदी स्वस्तात करून देण्याचा फोन येतो, माणसे घरात शिरतात, कुठलासा काळा डाग दाखवून ‘घातक बुरशी’ म्हणतात आणि बिल कित्येक पट होते. नुसत्या नजरेने बुरशीची खात्री पटत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना तपासावा लागतो. काम सुरू होण्यापूर्वी आणि नंतर डक्टच्या आतले फोटो मागणे हा साधा उपाय बरेच काही उघड करतो.

बऱ्याच घरांत पैसे गळती बुजवण्यावर खर्च केलेले जास्त उपयोगी पडतात. अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ या ऊर्जाबचतीच्या सरकारी कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा सांध्या-भोकांतून वाया जाते, आणि त्याच फटींतून माळ्यावरची धूळ आत ओढली जाते. सांधे मॅस्टिकने (फटी बुजवायच्या घट्ट लेपाने) किंवा धातूच्या टेपने बुजवतात. ‘डक्ट टेप’ या नावाने मिळणारी कापडी टेप याच कामाला कुचकामी आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या १९९८ मधल्या चाचण्यांत ती उष्णतेने लवकर सुटून आली. फिल्टर वेळेवर बदलणे आणि तो चौकटीत घट्ट बसवणे तेवढेच महत्त्वाचे, कारण कडेने फट राहिली तर हवा फिल्टरला वळसा घालून थेट कॉइलवर जाते.

कपडे वाळवण्याच्या यंत्राची बाहेर जाणारी नळी याच कंपन्या साफ करत असल्या तरी त्या कामाचे कारण वेगळे आहे. त्या नळीत साचलेले कापसाचे तंतू पेट घेतात, म्हणून तिची सफाई नियमितच करावी लागते.