रिलीजची रंगीत तालीम

रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढण्याच्या, कामाची यादी बरीच वर्षं टीममधल्या एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यातच असायची. आवृत्तीचा क्रमांक दोन-तीन फायलींत बदलायचा, बदलांची नोंद लिहायची, कोडच्या त्या टप्प्यावर खूण म्हणून टॅग लावायचा, टारबॉल (सोर्स फायलींचा एकत्र गठ्ठा) बांधून सर्व्हरवर चढवायचा. तो माणूस रजेवर गेला की रिलीज लांबणीवर पडायचं. आज हे सगळं टर्मिनलवरच्या एका कमांडने होतं, पण ती कमांड घडायला काही दशकं लागली.

१९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन लिहिलं आणि बिल्डचे, म्हणजे सोर्स कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधण्याचे, नियम फायलीत उतरले. रिलीज मात्र हातानेच होत राहिलं. त्यातली पहिली खरी उडी मला मेकसाठीचे नियम तयार करून देणाऱ्या, १९९०च्या दशकातल्या ऑटोमेकमध्ये दिसते. त्याची ‘मेक डिस्टचेक’ ही कमांड टारबॉल बांधते आणि लगेच स्वतःच तो परक्यासारखा उघडून बघते. उघडलेला सोर्स ती फक्त वाचता येईल असा करते, वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करते, टेस्ट चालवते, इन्स्टॉल करते, अनइन्स्टॉल करते आणि मागे एखादी फाईल उरली का तेही तपासते. एखादी हेडर फाईल टारबॉलमध्ये घालायची राहिली असेल, तर ते वापरणाऱ्याच्या आधी आपल्याला कळतं. पुढे आलेल्या साधनांचा गाभा मला इथेच सापडतो: पडदा वर जाण्याआधीची रंगीत तालीम.

मेव्हन या बिल्ड साधनाच्या रिलीज प्लगिनने हीच शिस्त जावा भाषेच्या जगात आणली. कमिट न केलेला (कोडच्या इतिहासात न नोंदवलेला) बदल किंवा ‘स्नॅपशॉट’ डिपेंडन्सी (आपला कोड ज्यावर अवलंबून आहे अशा पॅकेजची अजून पक्की न झालेली आवृत्ती) दिसली की ते थांबतं. तालमीसाठी ‘ड्राय रन’चा, म्हणजे खरं रिलीज न करता पायऱ्या चालवून बघण्याचा, वेगळा पर्यायही त्यात आहे.

तालमीला एवढं महत्त्व का, हे पॅकेज रजिस्ट्रींमुळे (तयार कोडची पॅकेजं जिथून उतरवून घेतात त्या भांडारांमुळे) कळतं. पायथन भाषेच्या पायपीआय या रजिस्ट्रीवर चढवलेली फाईल काढून टाकली, तरी तेच नाव पुन्हा वापरता येत नाही. जावास्क्रिप्टच्या एनपीएमवरही एकदा वापरलेला क्रमांक कायमचा गेला. मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींचं ‘लेफ्ट-पॅड’ हे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरचे बिल्ड कोसळले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. म्हणजे चुकीचं रिलीज पुसून त्याच क्रमांकाने पुन्हा करता येत नाही, त्यावर पुढचा क्रमांक काढावा लागतो.

क्रमांक कोणता द्यायचा, हा वाद वेगळाच. टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या सिमँटिक व्हर्जनिंगने त्याला नियम दिले, त्याची २.० आवृत्ती २०१३ची. ‘सिमँटिक-रिलीज’ या साधनाने त्यापुढे जाऊन निर्णयच माणसाकडून काढून घेतला. कमिटच्या संदेशाच्या सुरुवातीला ‘फिक्स’ (दुरुस्ती) असेल तर २.१.३ सारख्या क्रमांकातला शेवटचा आकडा वाढतो, ‘फीट’ (नवं फीचर) असेल तर मधला, आणि जुनं मोडणारा बदल नोंदवला असेल तर पहिला. कल्पना सुरेख आहे, पण सगळा भार कमिटच्या त्या एका ओळीवर येतो. घाईत ‘फिक्स’ लिहून कोणी फंक्शनची सिग्नेचर (त्याला काय द्यायचं आणि ते काय परत देतं) बदलली, तर साधन ते निमूट मान्य करतं. हेच साधन स्वतःच्या लॅपटॉपवर चालवलं तर मुळात ड्राय रनच करतं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

गो भाषेतला ‘गोरिलीजर’ दुसऱ्या गरजेतून आला: एकाच कोडमधून लिनक्स, मॅक, विंडोजच्या बायनरी (थेट चालणाऱ्या फायली) बांधणं, त्यांचे चेकसम (फाईल बदलली नाही ना, हे पडताळायचे आकडे) काढणं, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या होमब्रूमधली नोंद अद्ययावत करणं. इथेही ‘स्नॅपशॉट’ हा पर्याय दिला की काहीही प्रकाशित न करता सगळे गठ्ठे तयार होतात.

अलीकडे लक्ष चाव्यांकडे वळलं आहे. रिलीज करणाऱ्या कमांडला रजिस्ट्रीचं टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त खूण, लागतं आणि ते वर्षानुवर्षं कुठल्या तरी सेटिंगमध्ये पडून राहायचं. ते एकदा चोरीला गेलं की चोराच्या हातातही तीच एक कमांड. पायपीआयने एप्रिल २०२३ मध्ये ‘ट्रस्टेड पब्लिशर्स’ आणले. त्यात सीआय (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) आपली ओळख पटवते आणि त्या रिलीजपुरतं टोकन मिळवते. ते १५ मिनिटांत बाद होतं.