खुलासा: सीताअशोक सावलीत फुलत नाही?

सीताअशोकाला दिवसभर कडक ऊन हवं, सावलीत तो फुलतच नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. सालीसाठी झालेल्या तोडीने दुर्मीळ होत चाललेलं हे झाड मुळात सदाहरित जंगलातलं, ओढ्याकाठच्या सावलीतलं. भर उन्हात कोवळं रोप उलट करपतं. विरळ सावली आणि ओल धरणारी, पण पाणी न तुंबणारी माती त्याला मानवते. अगदी काळोख्या कोपऱ्यात मात्र फुलं रोडावतात, तेवढं खरं.

नवी पालवी तांबूस, मऊ, लुळी लोंबते. झाड सुकलं म्हणून लोक बादल्या ओततात! खरं तर ती पानं आपोआप ताठ, हिरवी होतात. फुलंही शेंड्यावर शोधू नका. केशरी झुबके जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर येतात.