पेलेचा कॉसमॉस आणि राऊलचा कॉसमॉस: न्यूयॉर्कचे एकाच नावाचे दोन क्लब

न्यूयॉर्क कॉसमॉस या फुटबॉल क्लबबद्दल वाचायला घेतलं की विजेतेपदांची एक यादी हमखास समोर येते: १९७२, १९७७, १९७८, १९८०, १९८२, २०१३, २०१५, २०१६. खेळाडूंच्या नावांत ब्राझीलचा पेले आणि जर्मनीचा बेकनबाउअर, आणि त्यांच्याच रांगेत स्पेनचा राऊल. वाचणाऱ्याची समजूत होते की हा अर्धशतकाचा एकसलग क्लब आहे, मधे थोडे पडते दिवस आले असतील इतकंच. तसं नाही. पहिली पाच विजेतेपदं एका क्लबची आहेत आणि शेवटची तीन दुसऱ्याच क्लबची. १९८५ मध्ये पहिला कॉसमॉस बंद पडला आणि दुसरा थेट २०१३ मध्ये लीगच्या मैदानात उतरला.

घोटाळा होणं स्वाभाविक आहे, कारण नाव तेच आणि बोधचिन्हही जवळपास तेच. लीगचं नावसुद्धा तेच, नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग, आणि तिचा अंतिम सामना दोन्ही वेळा सॉकर बाउल. कहर म्हणजे प्रतिस्पर्धीही सारखा. ऑगस्ट १९७७ मध्ये जायंट्स स्टेडियमवर ७७,६९१ प्रेक्षकांसमोर कॉसमॉसनं फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सचा ८-३ असा फडशा पाडला. ३ ऑगस्ट २०१३ ला नव्या कॉसमॉसनं लीगमधला आपला पहिला सामना २-१ असा जिंकला, तोही फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सविरुद्धच. पण हे स्ट्रायकर्सही नवे होते आणि ती लीगही नवी होती. तिन्ही जुनी नावं नव्यानं अंगावर चढवलेली.

पहिला कॉसमॉस उभा राहिला तो गाण्यांच्या रेकॉर्ड विकून मिळालेल्या पैशावर. अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत आणि नेसुही एर्तेगुन हे तुर्की वंशाचे भाऊ आणि वॉर्नर कम्युनिकेशन्सचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांनी तो काढला. जनरल मॅनेजर म्हणून आणलेले क्लाइव्ह टॉय हे मूळचे इंग्लिश क्रीडा पत्रकार. १९७१ मध्ये संघ खेळू लागला आणि १९७२ मध्ये पहिलं विजेतेपदही आलं, पण न्यूयॉर्कनं फारशी दखल घेतली नाही. मैदानाचाही पत्ता पक्का नव्हता: आधी यांकी स्टेडियम, मग लाँग आयलंडवर हॉफस्ट्रा विद्यापीठाचं मैदान, मग रँडॉल्स आयलंडवरचं डाउनिंग स्टेडियम.

या डाउनिंगवर थोडं थांबायला हवं. १५ जून १९७५ ला पेले कॉसमॉसकडून पहिल्यांदा खेळला तो इथे, डॅलस टोर्नेडोविरुद्ध. सामना सीबीएस वाहिनीवर थेट दिसणार होता आणि मैदानावर जागोजागी गवतच नव्हतं. तेव्हा उघड्या मातीवर हिरवा रंग फवारला गेला. सामना संपल्यावर पेलेनं बूट काढले तर पाय हिरवे. आपल्याला कसला तरी त्वचारोग झाला, अशी त्याला धास्ती वाटली, ही हकीकत त्या काळच्या लोकांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. तीन विश्वचषक जिंकलेला माणूस आणि रंग फासलेली माती, यावरून अमेरिकी फुटबॉल तेव्हा कुठे होता हे कळतं. त्या दिवशी पेलेनं एक गोल करून दिला, एक डोक्यानं स्वतः केला आणि सामना २-२ बरोबरीत सुटला.

दोन वर्षांत चित्र पालटलं. १९७६ मध्ये इटलीतल्या लाझिओ क्लबहून जॉर्जो किनालिया आला, १९७७ मध्ये फ्रान्झ बेकनबाउअर आणि कार्लोस आल्बर्टो. त्याच वर्षी संघ नदीपल्याड न्यू जर्सीत जायंट्स स्टेडियमवर गेला. म्हणजे ‘न्यूयॉर्क’चा हा संघ आपल्या वैभवाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये खेळतच नव्हता, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १९७८ मध्ये तर दर सामन्याला सरासरी ४७ हजारांहून जास्त लोक येत. खेळाचे नियमही जगावेगळे. विजयाला सहा गुण, शिवाय तीनपर्यंत प्रत्येक गोलमागे एक जादा गुण. बरोबरी फोडायची तर ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन एकट्यानं गोलकीपरवर चालून जायचं आणि पाच सेकंदांत फटका मारायचा. नव्या लीगमध्ये यातलं काहीही नव्हतं.

भारताचा धागाही याच पहिल्या कॉसमॉसशी जुळतो. २४ सप्टेंबर १९७७ ला ईडन गार्डन्सवर मोहन बागाननं पेलेच्या कॉसमॉसला २-२ असं रोखलं. आपल्याकडे कॉसमॉस हे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या बहुतेकांना ते त्या सामन्यामुळे. लगेच पुढच्या आठवड्यात, १ ऑक्टोबरला, पेले निरोपाचा सामना खेळला: अर्धा वेळ कॉसमॉसकडून, अर्धा वेळ आपल्या जुन्या सांतोसकडून.

मग हे सगळं कोसळलं का? कॉसमॉसचा खर्च वॉर्नर सोसू शकत होती. इतर क्लबांच्या पाठीशी वॉर्नर नव्हती, तरी तेही बरोबरी साधायला मोठमोठे परदेशी खेळाडू आणत राहिले. १९७८ मध्ये लीग एकदम २४ संघांपर्यंत फुगवली गेली. १९८० नंतर एबीसी वाहिनीनं पाठ फिरवली. पुढे अटारी या व्हिडिओ गेम कंपनीतल्या प्रचंड तोट्यानं खुद्द वॉर्नर अडचणीत आली आणि १९८४ मध्ये क्लबचा ताबा किनालियाकडे गेला. त्याच वर्षीच्या हंगामानंतर लीग संपली. कॉसमॉसनं १९८५ मध्ये काही प्रदर्शनीय सामने खेळून पाहिले आणि तोही थांबला.

उरलं ते नाव. किनालियाचे सहकारी पेपे पिंटन यांनी नावाचे हक्क कैक वर्षं जपून ठेवले आणि त्याच नावानं मुलांची फुटबॉल शिबिरं चालवली. २००९ मध्ये ते हक्क इंग्लिश व्यावसायिक पॉल केम्स्ली यांनी घेतले आणि २०१० मध्ये पेलेला मानद अध्यक्ष करून पुनरागमनाची घोषणा झाली. गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं: नव्या बोधचिन्हाशेजारी खराखुरा पेले उभा. पण तेव्हा संघच नव्हता. ५ ऑगस्ट २०११ ला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्यांच्या पॉल स्कोल्सच्या गौरव सामन्यात कॉसमॉसचा शर्ट घालून जे अकरा जण उतरले, ते त्या दिवसापुरते जमवलेले पाहुणे. मँचेस्टर युनायटेडनं त्यांना ६-० हरवलं. शर्ट आधी आला, खेळाडू दोन वर्षांनी.

खेळाडू आले ते २०१३ मध्ये, हॉफस्ट्राच्या सुमारे १२ हजार क्षमतेच्या मैदानावर. इथे मोठा फरक लक्षात घ्यायचा. जुनी नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग ही देशातली अव्वल लीग होती. १९९६ पासून ते स्थान मेजर लीग सॉकरकडे आहे आणि नवी नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग दुसऱ्या पायरीवरची होती. अमेरिकेत संघांची वरच्या-खालच्या लीगमध्ये बढती-घसरण होत नव्हती, त्यामुळे ती जिंकूनही वर जाता येत नव्हतं. १९७७ आणि २०१३ ची विजेतेपदं एका ओळीत मांडणं मला म्हणूनच पटत नाही.

तरी दुसऱ्याला तोतया म्हणणंही अन्यायाचं आहे. प्रशिक्षक जोव्हानी साव्हारेसे यांनी चांगला, झुंजार संघ बांधला. यूएस ओपन कप या सर्व पायऱ्यांच्या संघांना खुल्या स्पर्धेत त्यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्क रेड बुल्सला ३-० हरवलं, २०१५ मध्ये न्यूयॉर्क सिटीला पेनल्टींवर. दोन्ही वरच्या लीगचे, कैकपट श्रीमंत संघ. २०१५ च्याच जूनमध्ये हवानात जाऊन क्युबाच्या राष्ट्रीय संघाला ४-१ हरवलं. राऊल आणि स्पेनचाच मार्कोस सेना यांनी २०१५ चा सॉकर बाउल जिंकून निवृत्ती घेतली. पेलेची पुण्याई यात कुठेही वापरलेली नाही, हा या खेळाडूंचा स्वतःचा घाम आहे.

२०१७ मध्ये अमेरिकी उद्योजक रोक्को कोमिसो यांनी क्लब घेतला, पण त्याच हंगामानंतर ही लीगही बंद झाली. पुढे खालच्या लीगांत थोडं खेळून कॉसमॉस पुन्हा थांबला.

नाव म्हणजे क्लब नव्हे आणि नावाशिवायही क्लब नव्हे, हे मोहन बागानच्या समर्थकांना सांगायला नको. १८८९ च्या त्यांच्या क्लबच्या नावापुढे २०२० मध्ये ‘एटीके’ हे कोलकात्यातल्याच दुसऱ्या क्लबचं नाव जोडलं गेलं आणि ते हटवायला त्यांना तीन वर्षं झगडावं लागलं. फरक इतकाच की तिथे समर्थकांची फळी कधी तुटलीच नव्हती. न्यूयॉर्कमध्ये १९८५ ला तिकीट काढणारा माणूस २०१३ पर्यंत कशाला धरून बसणार होता?

२०२५ मध्ये आणखी एक घोषणा झाली: कॉसमॉस २०२६ पासून यूएसएल लीग वन या तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये, न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या हिंचलिफ स्टेडियमवर. एके काळी कृष्णवर्णीय बेसबॉल संघ जिथे खेळत ते हे ऐतिहासिक मैदान. २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही न्यू जर्सीतच ठरला, आणि तो जिथे ठरला ते मेटलाइफ स्टेडियम पाडलेल्या जायंट्स स्टेडियमच्या अगदी शेजारी बांधलेलं आहे. त्यामुळे कॉसमॉसची जुनी छायाचित्रं पुन्हा फिरणार. त्यांतली जायंट्स स्टेडियमची असतील ती पहिल्या कॉसमॉसची. हॉफस्ट्राचं मैदान दिसलं तर मात्र साल बघावं लागेल, कारण तिथे दोघेही खेळले आहेत.